तुम्ही विचारलंत म्हणून: वेबसाइट काढून पैसे मिळतात का?

"वेबसाइट काढून खरंच पैसे मिळतात का हो?" महिन्यातून तीन-चारदा तरी हा प्रश्न मला येतो. विचारणारे जरा आवाज खाली आणून विचारतात, जणू मी कसली गुप्त विद्या दडवून बसले आहे. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न असतोच: "मग कशात बनवू? वर्डप्रेस घेऊ की आणखी काही?"

पहिल्याचं उत्तर, हो, मिळतात. दुसऱ्याचं उत्तर, कशातही बनवा. वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, फुकट आहे, अडलं तर विचारायला माणसं सापडतात. घ्या आणि पुढे चला. तिसरा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही, आणि पहिलं दीड वर्ष तो मलाही सुचला नव्हता. या साइटवर येणार कोण, आणि येईल तेव्हा त्याचं नेमकं काय अडलेलं असेल?

माझी पहिली साइट म्हणजे सगळ्यांसाठी सगळं होतं. आरोग्य, प्रवास, बचत, घराची सजावट. नुसत्या लोगोवर तीन आठवडे घालवले. वर सरकणारी मोठमोठी चित्रं, खाली 'आमच्याविषयी' नावाचं पान. त्यातले 'आम्ही' म्हणजे मी एकटीच. येणारे बहुतेक नातेवाईक, तेही मी लिंक पाठवून दोनदा आठवण केल्यावर.

पैसे देणारं पहिलं पान मी वैतागून लिहिलं. शिलाई मशीन उघडणं-जोडणं हे माझं जुनं काम. फोनवर लोक एकच तक्रार सांगायचे: शिवताना कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो, बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) बिघडलीय वाटतं. तेच तेच सांगून कंटाळले आणि म्हटलं, लिहूनच टाकावं, पुढच्याला लिंक धाडता येईल. या तक्रारीची गंमत अशी की गुंता दिसतो खाली, पण बहुतेक वेळा चूक असते वर. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला, तर ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्या मध्ये बसतच नाही, वरून निसटतो. वरच्या दोऱ्याला ताण नाही म्हटल्यावर तो खाली जाऊन साचतो. वरचा दोरा काढा, फूट वर उचला, पुन्हा ओवा. अर्ध्या मिनिटाचं काम.

पानाची पहिली ओळ हीच होती. ना नमस्कार, ना 'शिलाई मशीनचा इतिहास'. मथळाही लोक फोनवर म्हणायचे तोच: 'खालचा दोरा गुंततोय'. मी जर 'वरच्या दोऱ्याच्या ताणातील दोष' असं शास्त्रशुद्ध नाव दिलं असतं, तर ते पान कुणालाच सापडलं नसतं. उत्तर ठाऊक असलेल्याचे शब्द वेगळे आणि अडलेल्याचे वेगळे. सर्चच्या चौकटीत टाइप करतो तो अडलेला.

याकोब नील्सन हे वेबवरच्या वाचनाचा अभ्यास करणारे गृहस्थ. १९९७ मध्ये त्यांच्या पाहणीत असं दिसलं की ७९ टक्के लोक नवं पान नुसतं चाळतात. शब्दन्‌शब्द वाचणारे १६ टक्के. तेव्हा तर लोक टेबलाशी नीट बसून मोठ्या पडद्यावर वाचत होते. माझ्या वाचकाच्या एका हातात अर्धवट शिवलेलं कापड असतं आणि दुसऱ्या हातात फोन. त्याला मी तीन परिच्छेद थांबायला लावलं तर तो का थांबेल?

आता पैशांकडे येते. इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. पान सापडलं नाही की दिसणारा ४०४ हा आकडा सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याच घरात ४०२ नावाचा एक आकडा आहे, अर्थ 'पैसे भरणे आवश्यक'. वेबचे नियम लिहिणाऱ्यांनी तो 'पुढे लागेल' म्हणून राखून ठेवला आणि तो कितीतरी वर्षं तसाच पडून राहिला. पैसे घ्यायची खिडकी नकाशात होती, तेव्हा बांधलीच गेली नाही. तिच्या जागी जाहिरात आली. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या साइटवर एटी अँड टी कंपनीची पट्टी झळकली. १९९६ मध्ये अ‍ॅमेझॉनने दुसऱ्यांच्या साइटवरून ग्राहक आला तर कमिशन द्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये गूगलचं अ‍ॅडसेन्स आलं, आणि कुठल्याही छोट्या साइटला जाहिरातदार न शोधता जाहिरात लावता येऊ लागली.

म्हणून आजही 'वेबसाइटवरून कमाई' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जाहिरातच येते. हिशेब करून बघा. धरून चाला, हजार वेळा पान पाहिलं गेलं की तुमच्या हाती एक डॉलर पडतो. महिन्याला दहा हजार वेळा पाहिलं गेलं तर दहा डॉलर. अ‍ॅडसेन्स शंभर डॉलर साठल्याशिवाय पैसे पाठवत नाही. म्हणजे पहिला पैसा हातात यायला दहा महिने. त्याच दहा हजारांतून शंभरात एकाने तुमची पाच डॉलरची सचित्र पुस्तिका घेतली तर पाचशे डॉलर. शंभरात एक हा आकडाही सोपा नाही, मला तो क्वचितच गाठता आला. पण हजारात दोन जणांनी जरी घेतली तरी शंभर होतात. मी जाहिराती ठेवल्या आहेत, नाही असं नाही. पण पुस्तिका आणि व्हिडिओ कॉलवर मशीन बघून देणं, यांतून येणारे पैसे कितीतरी जास्त आहेत.

कमिशनच्या लिंकबद्दल माझी स्वतःची फजिती सांगते. एका सुईच्या पाकिटाची लिंक मी न वापरता, नुसतं वर्णन वाचून टाकली. घरगुती मशीनच्या सुईची दांडी एका बाजूने चपटी असते. कारखान्यातल्या मशीनला गोल दांडीची लागते. मी दिलेली गोल होती. मशीन उघडण्यात आयुष्य गेलेल्या बाईने हे करावं! एका वाचकाने कळवलं, "ताई, तुमच्या भरवशावर घेतली, बसत नाही." कमिशन किती मिळालं होतं ते सांगण्यासारखंही नाही. त्याच पानावर वर चूक लिहिली, लिंक काढली. तेव्हापासून हातात न घेतलेली वस्तू साइटवर येत नाही, आणि लिंकमधून मला पैसे मिळतात हे लिंकच्या शेजारीच लिहिलेलं असतं, तळाशी बारीक अक्षरात नाही.

मध्येच कुणीतरी दहा लाख पिक्सेलवाल्या पानाचं उदाहरण देतं. २००५ मध्ये अ‍ॅलेक्स ट्यू नावाच्या इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याने एका पानावरचे दहा लाख पिक्सेल (पडद्यावरचे बारीक ठिपके), पिक्सेलला एक डॉलर या भावाने जाहिरातदारांना विकले आणि सगळे खपवले. खरं आहे. पण तशाच कल्पनेची नक्कल करणारी पानं पुढे किती निघाली, त्यांतलं एक तरी नाव तुम्हाला आठवतंय का?

तांत्रिक बाजू मी लवकर उरकते, कारण त्यातलं थोडंच पैशांशी भिडतं. वेग भिडतो. पानावरचा मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसायला हवा, हा गूगलचा निकष आहे. माझं पान रेंगाळायचं ते फोटोंमुळे. फोनवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो मी जसाच्या तसा चढवत होते. आकार कमी केले, पान पळायला लागलं. दुसरं, वाचता वाचता वरून जाहिरात उगवते, मजकूर खाली ढकलला जातो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवली की हे थांबतं. अशा चुकून पडलेल्या क्लिकवर खूश होऊ नका, तो माणूस परत येत नाही.

आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घ्या. साइट बांधून देणाऱ्याने माझं पहिलं डोमेन त्याच्या नावावर नोंदवलं होतं. नूतनीकरणाची सूचना त्याच्या ईमेलवर जायची आणि त्याने धंदाच बदललेला. मुदत टळली, साइट बंद पडली, नाव दुसऱ्याने उचललं. मजकुराची प्रत माझ्याकडे होती म्हणून वाचले. डोमेन कधी कायमचं विकत मिळत नाही, मुदतीने भाड्याने मिळतं, हे मला तेव्हा नीट उमगलं.

एवढं करूनही २०२३ च्या शेवटी शेवटी माझ्याकडे येणारे निम्मे झाले. गूगलने क्रम लावायची पद्धत बदलली, कितीतरी छोट्या साइट तेव्हा खाली घसरल्या. २०२४ मध्ये तर सर्चच्या वरच एआयने लिहिलेलं उत्तर दिसायला लागलं. 'फूट वर उचला' एवढं तिथेच वाचून माणूस निघून जातो. त्याचं काम झालं, माझं पान उघडलंच नाही. मला तरलं ते ईमेलच्या यादीने. ज्यांची मशीन कधीतरी माझ्यामुळे चालली, त्यांना मी महिन्यातून एक पत्र धाडते. यादी लहान आहे, पण तिच्यात आणि माझ्यामध्ये तिसरं कुणी क्रम लावत नाही. पुस्तिका बहुतेक तेच लोक घेतात.

मग विषय कोणता घ्यावा, हे पुढचं विचारणं असतंच. मी उलट विचारते, लोक तुम्हाला फोन करून काय विचारतात? काही जण गप्प होतात. परवा एक जण म्हणाला, "जुन्या घड्याळाचे पट्टे कसे बदलायचे, एवढंच." त्याला म्हटलं, त्यातला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आज रात्री लिहून काढ, लोगो नंतर बघू.

आज सकाळी एक ईमेल आला आहे. फूट वर उचलून, दोरा पुन्हा ओवूनही गुंता तसाच. फोटो मागवला, तर बॉबिन केसमध्ये कापसासारखी धूळ साचलेली. ब्रशने साफ केल्यावर मशीन सुरळीत. म्हणजे त्या पानावर एक ओळ कमी होती. ती घालायला बसते आहे.