पाणक्या

समुद्रावर सगळं कुटुंब जमलं की कुणीतरी वाळूशिल्पाची स्पर्धा जाहीर करतंच. ती असते 'मुलांसाठी'. गट पडतात, काठीने रेघा मारून हद्दी आखल्या जातात, आजोबांना परीक्षक नेमलं जातं. (पात्रता एवढीच, की त्यांना खाली बसता येत नाही.) थोड्या वेळाने पाहावं तर मुलं शिंपले वेचायला पांगलेली असतात आणि दोन काका गुडघ्यांवर बसून मगरीच्या शेपटीवरून हमरीतुमरीवर आलेले असतात.

कोरायला सगळेच तयार असतात. मगरीचे दात, कासवाची पाठ, मत्स्यकन्येचं नाक. नाकासाठी तर नंबर लागतात. पाणी आणायला मात्र कुणी पुढे येत नाही. मग बादली गटातल्या सर्वांत गरीब माणसाच्या गळ्यात पडते. बहुधा नव्या जावयाच्या, नाहीतर शेंडेफळाच्या. तो चटके देणाऱ्या वाळूवरून टाचा उचलत पळतो, परतणाऱ्या लाटेत बादली आडवी धरतो, ती अर्धीच भरते. येताना त्यातलंही थोडं पोटऱ्यांवर सांडतं. धापा टाकत पोहोचला की मान वर न करताच हुकूम सुटतो, "अजून एक आण रे!"

माझ्या मते शिल्प खरं त्याचंच असतं. कोरड्या वाळूचा फार तर ढीग होतो. ती ओली झाली की दोन कणांच्या मध्ये पाण्याचा इवलासा पूल तयार होतो आणि पृष्ठताणामुळे तो दोघांना जवळ ओढून धरतो. पाणी फार झालं की मधली हवा निघून जाते, पूलच उरत नाहीत आणि मगर बसकण मारते. अॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वाळूच्या मनोऱ्याची सर्वाधिक मजबुती आकारमानाच्या साधारण १ टक्का पाण्याला मिळाली. हे वाचून कुणालाही वाटेल, एवढ्याशा पाण्यासाठी त्या बिचाऱ्याला इतकं का पळवायचं? पण नेमकं तेवढं मुरवायचं तर ओतावं भरपूर लागतं. वाळू थरांनी घालायची, भिजवायची, धोपटायची. जास्तीचं पाणी खाली झिरपताना कण एकमेकांत घट्ट बसवून जातं. वरचा थर तर ऊन आणि वारा मिळून बघता बघता सुकवतात. म्हणून पुन्हा बादली.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, ती गटातल्या स्वयंघोषित इंजिनिअरला ऐकवावी. मनोऱ्याचा पाया दुप्पट रुंद केला तरी त्याला उभं राहता येईल ती उंची दुप्पट होत नाही, जेमतेम १.६ पट होते. ऐकणार नाही तो, ही गोष्ट वेगळी.

मुरलेले कलाकार बिनबुडाच्या पिंपात वाळू ठासून आधी नुसता ठोकळा उभा करतात, मग पिंप काढून वरून खाली कोरत येतात, म्हणजे पडणारी वाळू झालेल्या कामावर सांडत नाही. पुरीच्या किनाऱ्यावरचे वाळूशिल्पकार सुदर्शन पटनायक यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली, ती या असल्या चार घटकांत ढासळणाऱ्या मालमसाल्यावर. आपल्याकडे शेपटीपासून सुरुवात होते. डोकं करायची वेळ येते तेव्हा शेपटीवर कुणीतरी बसलेलं असतं.

भरतीचा विचार तर कुणीच केलेला नसतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे वेळ पाहून जागा निवडता येते. पण पाणी जवळ हवं म्हणून सगळे खालीच बसतात. पुढे लाटा सरकू लागल्या की खंदक खणायची एकच धांदल उडते. तेवढ्यात परीक्षक काठी टेकत येतात, सगळ्यांना पहिला नंबर देतात आणि मुलं "हे चीटिंग आहे" म्हणून भोकाड पसरतात. फोटोसाठी सगळे शिल्पामागे दाटीवाटीने बसतात. बादलीवाला त्यात नसतो. फोन त्याच्याच हातात दिलेला असतो.

पाणक्यासाठी वेगळं बक्षीस ठेवावं, असं मी एकदा सुचवून पाहिलं. आजोबांनी ते तत्काळ फेटाळलं. म्हणाले, "मग बादलीसाठी मारामारी होईल आणि कोरायला मला बसावं लागेल."