सी हॉक १/४८ : डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरचं काम

३ जून

डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज सहा आठवडे झाले. थेंब कालच संपले. डॉक्टरांनी टेबलाशी बसायला मोकळीक दिली आणि दुपारी वास्कोवर पावसाची पहिली दणदणीत सर कोसळली. संध्याकाळी कपाटावरून ट्रम्पेटर कंपनीच्या किटचा खोका खाली उतरवला, आपल्या नौदलाच्या जुन्या सी हॉक विमानाचं प्लास्टिक मॉडेल. फेब्रुवारीत कॉकपिट संपवून थांबलो होतो. धडाचे दोन भाग अजून सुटेच आहेत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. माझं वय ६९. बार्ज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ३४ वर्षं फिटर होतो. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा सांधा आता झिजला आहे, चिमटीत काही घट्ट धरलं की कळ येते. चार वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले. निदान झालं इसेन्शियल ट्रेमरचं. मांडीवर ठेवलेला हात शांत असतो, काही उचलायला गेलं की थरथरतो. प्रोप्रॅनोलॉलच्या गोळीने मला बराच फरक पडला. पण ज्यांना दमा आहे त्यांना ती चालत नाही, तेव्हा कुणी ऐकीव माहितीवर घेऊ नका.

चाळीस वर्षं मी फक्त १/७२, म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढी मॉडेलं केली. खरं सी हॉक १२.०९ मीटर लांब. १/७२ मध्ये ते १६.८ सेंटिमीटर होतं, १/४८ मध्ये २५.२. कागदावर फरक ८.४ सेंटिमीटरचा, पण हातात घेतल्यावर जॉयस्टिक चिमटीत सापडते आणि पॅनलवरची घड्याळं भिंगातून मोजता येतात. मागच्या दिवाळीत माझ्याकडची १/७२ ची २३ किट्स कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाला देऊन टाकली. खोके रिक्षात ठेवताना घशाशी आलं होतं. आजही कपाटाचा तो खण उघडवत नाही.

११ जून

सी हॉक तीन चाकांवर उभं राहणारं विमान. नाकात वजन भरलं नाही तर शेपटीवर बसतं. मासळी बाजाराजवळच्या दुकानातून गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणल्या, १८ ग्रॅम भरल्या, इपॉक्सीने पक्क्या केल्या आणि धड मिटवलं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, ही वर्कशॉपची सवय इथेही पाळतो.

या आठवड्यात खरा वेळ गेला तो टेबल बदलण्यात. म्हापशाला ओळखीचे एक सोनार आहेत, वयाने माझ्याहून मोठे, अजून रोज बसतात. त्यांच्याकडे अर्धा दिवस नुसता बघत बसलो. त्यांच्या टेबलाला पोटापाशी अर्धगोल खाच आहे, त्यामुळे दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली राहतात. खाचेखाली चामड्याची झोळी, पडलेला सोन्याचा कण तिथेच अडकतो. समोर लाकडाची जीभ, तिच्यावर दोन्ही हात टेकवून काम. म्हणाले, “हात हवेत ठेवून कोण काम करतो? तुमचाच काय, माझाही हलेल.” तशीच खाच सुताराकडून कापून घेतली आणि खाली जुन्या चादरीची झोळी लावली. त्यानंतर जमिनीवर एकही भाग पडलेला नाही. वाकून फरशी चाचपण्यात माझी कंबर किती खर्ची पडत होती ते आता लक्षात येतंय.

निपर, म्हणजे भाग कापायची पक्कड, बंद केला. तो दाबताना अंगठ्यावर सगळा जोर येतो. त्याऐवजी सोनारकामातली बारीक करवत वापरतो, स्प्रूतून, म्हणजे किटच्या प्लास्टिक चौकटीतून, भाग सुटायला दुप्पट वेळ लागतो पण रात्री हात ठणकत नाही. चिमटाही उलट्या चालीचा घेतलाय. दाबला की उघडतो, सोडला की पकडतो, म्हणजे धरून ठेवायचं काम स्प्रिंग करते. आणि ब्रशला लेथवर वळवलेली ६० ग्रॅमची पितळी मूठ बसवली. जड मुठीने माझी थरथर निम्म्यावर आली. प्रत्येकाला इतका फरक पडेलच असं नाही, पण करून बघण्यासारखं आहे.

२ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. रंग फवारायच्या एअरब्रशला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या बाटलीत तासाभरात घोटभर पाणी जमतं. लॅकर रंगाचं काम पूर्ण बंद, कारण दमट हवेत तो वाळताना पांढरट पडतो.

सी हॉकच्या इंजिनाबद्दल मला किती सांगू असं होतं. रोल्स-रॉइसचं नीन इंजिन धडाच्या मध्यावर, आणि त्याचा धूर शेवटी शेपटीतून न सोडता दोन नळ्यांत फाकून पंखांच्या मुळाशी डावी-उजवीकडे सोडलेला. त्यामुळे धडाचा मागचा भाग मोकळा राहिला आणि तिथे इंधनाची टाकी बसली. फिटरच्या नजरेला ही मांडणी फार सुंदर दिसते. मॉडेल करणाऱ्याला मात्र हवा आत घेण्याच्या तोंडातला सांधा छळतो. आत बोट जात नाही, पॉलिश पेपर जात नाही, आणि कापरा ब्रश तर नाहीच.

म्हणून ओतकाम केलं. मागचं तोंड टेपने बंद करून पांढरा रंग दुधासारखा पातळ केला, ड्रॉपरने तोंडात भरला, विमान सावकाश फिरवलं आणि उरलेला रंग परत बाटलीत ओतला. एक दिवस वाळवून पुन्हा तेच, असं चार वेळा. सांधा दिसेनासा झाला. जिथे रंग स्वतःच्या वजनाने पसरतो तिथे हात थरथरला तरी बिघडत नाही.

१९ जुलै

आता रंगाबद्दल, कारण ही नोंद लिहायचं खरं कारण तेच.

आपल्या नौदलाच्या सी हॉकवर वरून एक्स्ट्रा डार्क सी ग्रे, खालून स्काय. स्काय म्हणजे आकाशी नव्हे, फिकट, किंचित हिरवट रंग. टामिया कंपनीचा स्काय, एक्सएफ-२१, पंखाच्या एका तुकड्यावर मारला आणि सवयीने उजवा डोळा मिटला. स्वच्छ, थंड, हिरवट. मग डावा मिटून उजव्याने पाहिलं, तर तोच तुकडा सायीसारखा पिवळट. दोन-तीनदा करून पाहिलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय, आत जुनंच भिंग आहे. वयाने ते पिवळं होतं आणि निळा प्रकाश अडवतं. इतकी वर्षं मी त्या पिवळ्या काचेतून रंग मिसळत होतो.

लगेच काचेच्या कपाटातलं तीन वर्षांपूर्वीचं १/७२ सी हॉक काढलं. तेव्हा बाटलीतला स्काय मला फार पिवळा वाटला होता, म्हणून त्यात निळा आणि पांढरा घातला होता. डाव्या डोळ्याने आज पाहिलं, तर पोट चक्क फिकट निळसर. शेजारी बसलेल्या नातीला विचारलं. तिने एकदाच पाहून सांगितलं, “आजोबा, हा निळा आहे आणि नवा हिरवा आहे.” तिला कशाचंच नवल वाटलं नाही. मी मात्र बराच वेळ ते छोटं विमान हातात धरून बसलो होतो.

चूक नेमकी कुठे झाली यावर दोन दिवस विचार केला. रंगाची पट्टी आणि मॉडेल शेजारी ठेवून जुळवलं असतं तर दोन्ही त्याच पिवळ्या भिंगातून दिसली असती आणि जुळणी बऱ्यापैकी बरोबर आली असती. मी जुळवत होतो लहानपणी दाबोळीवर उतरताना पाहिलेल्या विमानांच्या आठवणीशी. त्या डोळ्यातलं भिंग वेगळं होतं. साठीच्या पुढच्या सगळ्यांना मनापासून सांगतो, बाटलीतला रंग चुकीचा वाटला तर आधी पट्टी मागवा. ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी मध्ये स्काय २१० आहे आणि एक्स्ट्रा डार्क सी ग्रे ६४०. उजेडही वाढवा. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मी टेबलावर दुसरा दिवा लावलाय, दोन्ही पांढऱ्या उजेडाचे.

जुनं विमान पुन्हा रंगवणार नाही. ते त्या डोळ्याने केलं होतं, तसंच राहील.

६ ऑगस्ट

वाईट आठवडा. रात्री झोप झाली नाही की सकाळी गोळीचाही उपयोग होत नाही. पाठीवरच्या अँटेनाचा तुकडा बसवताना हात उडाला आणि कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, गोंदाचा थेंब पडला. घरातून आवाज आला, “अहो, आज राहू द्या ना.” राहू दिलं. दोन दिवसांनी कॅनॉपी बारीक कागदाने घासून, पॉलिश करून परत पारदर्शक झाली, फक्त डाव्या कोपऱ्यात हलकी धूसर खूण राहिली.

त्या दोन दिवसांत १९७१ च्या युद्धातल्या विक्रांत या विमानवाहू जहाजाबद्दल पुन्हा वाचलं. जहाजाच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेले होते, वेगावर मर्यादा आली होती. तरी ती बंगालच्या उपसागरात गेली आणि ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉकनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर हल्ला चढवला. बार्जवर आयुष्य गेलेल्या माणसाला इंजिनरूममधली ती माणसं डोळ्यांसमोर दिसतात. कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा, किती दाब सोसेल, याचा हिशेब तासातासाला.

मीही आता वेळापत्रक लावलंय. सकाळचा पाव-चहा झाल्यावर चाळीस मिनिटं, चहाही फिका आणि एकच कप, कारण कडक चहाने माझी थरथर वाढते. नाजूक काम पहिल्या वीस मिनिटांत, नंतर घासणं, धुणं, मास्किंग म्हणजे रंग नको तिथे टेपने झाकणं. दुपारनंतर फक्त फोटो बघणं.

२२ ऑगस्ट

वरचा करडा थर झाला. एअरब्रश पिस्तुलाच्या घोड्याचा घेतलाय, चारही बोटांनी ओढता येतो, त्यामुळे अंगठा मोकळा राहतो. करडा आणि स्काय यांमधली रेषा टेपने आखली, मोकळ्या हाताने आखायचा हट्ट सोडला.

आज डेकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं, लावले. भरपूर पाणी ठेवायचं, डेकॅल पृष्ठभागावर तरंगू द्यायचा आणि ओल्या ब्रशने ढकलत जागेवर आणायचा. ब्रश थरथरला तरी डेकॅल पाण्यावर हळूच सरकतो. व्हाइट टायगर्स या नौदलाच्या स्क्वाड्रनचा वाघ उजव्या बाजूला पहिल्याच प्रयत्नात सरळ बसला. डाव्या बाजूचा अर्धा मिलिमीटर खाली गेलाय, तो आता हलवणार नाही.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली. उद्यापासून टेबल आवरून माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवाच्या, तयारीला लागायचं, टेबल असलेली खोली पाहुण्यांना लागते. चाकं, पंखांखालचे रॉकेट आणि कॅनॉपीचं मास्किंग काढणं बाकी आहे. उजव्या डोळ्याची तारीख चवथीनंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली. मास्किंग तोवर तसंच ठेवतोय. सहा आठवड्यांनी थेंब संपले की टेप काढेन आणि या स्कायकडे दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहीन.