चिऊचं बूड टेकेना

आमची लेक चिऊ ३४ आठवड्यांतच जन्मली, म्हणजे दीड महिना आधी. काही दिवस काचेच्या पेटीत होती, मग घरी आली, दूध ओढायला लागली, वजन धरलं, आणि आम्ही सगळे ते आधी झाल्याचं प्रकरण विसरूनच गेलो. बाळाचे महिने मोजताना कोण कशाला दीड महिना वजा करतंय? त्यामुळं दहाव्या महिन्यात ती बसत नव्हती तेव्हा आमच्या हिशोबात दहा म्हणजे पूर्ण दहा महिने होते.

बसत नव्हती म्हणजे कशी, तर बसवलं की दोन्ही हात पुढं टेकून बेडकासारखी जरा वेळ राहायची, मग हळूहळू नाक जमिनीकडं जायचं आणि शेवटी डोकं दोन पायांच्या मधे. काखेत हात घालून उचललं की तिचे खांदे वर जायचे आणि अंग खाली निसटायला लागायचं. रोज आंघोळीच्या वेळी मला हे जाणवायचं, साबणामुळं होतंय असंच वाटायचं.

संक्रांतीला माहेरी बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, सगळी हौस. पाटावर बसवून वरून बोरं-चुरमुरे ओतायचे, तर चिऊला मागून मीच धरून बसलेली, फोटोत तिच्यापेक्षा माझंच तोंड जास्त आलंय. मामेबहिणीची मुलगी चिऊपेक्षा लहान आणि ती चुरमुरे वेचत सगळ्या हॉलभर रांगत सुटलेली. मग सुरू झालं. मुलीचं अंग जडच असतं. तू पण अशीच सुस्त होतीस. मालिशवाली बदल. दृष्ट काढ. दाजी म्हणाले मोबाईल दाखवू नका, आणि ते म्हणताना स्वतः मोबाईलच बघत होते. मामा दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या होम मैदानावर गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला गेला तो येताना प्लास्टिकचा गोल वॉकर घेऊन आला, गाणी वाजणारा, 'यात घाला, आठवड्यात पळेल.' कुणाच्याच मनात वाईट नव्हतं हो, मला माहितीय. पण त्या रात्री मला झोप नाही लागली.

झोप नाही म्हणजे फोन, आणि फोनवर काय काय वाचायला मिळतं ते सांगायला नको. शिवाय प्रसूतीच्या वेळच्या बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यात रोज कुणाचं तरी बाळ उभं राहिलेलं असायचं. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, शिफ्ट करून आला की 'होईल गं' म्हणायचा आणि झोपायचा. मला राग यायचा. नंतर कळलं की तो पण बाथरूममध्ये बसून तेच वाचायचा.

आधी एका डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी चिऊला मांडीवरच बघितलं, काही मुलं उशिरा करतात म्हणाले, वर्षाची होईपर्यंत थांबा. बाहेर आल्यावर बरं वाटलं, रिक्षात बसेपर्यंत ते गेलं पण. आता माझं याबद्दल ठाम मत झालंय. 'थांबा' एवढंच कुणी सांगितलं तर तो सल्ला नाही. कधीपर्यंत थांबायचं, तोवर काय बघायचं, आणि काय दिसलं तर थांबायचं नाही, हे तिन्ही सांगितलं तर त्याला सल्ला म्हणायचं. नुसतं थांबायला सांगितलेली आई थांबत वगैरे काही नाही, ती घरी जाऊन दर तासाला बाळाला बसवून बघते.

हे सगळं नीट विचारलं ते आमच्या अंगणवाडीच्या ताईंनी. मी गेले होते चिऊचं वजन करायला. त्यांनी माता बाल संरक्षण कार्ड उघडलं, ते लसीचं कार्ड हो, आपण फक्त लसीच्या तारखा बघतो, पण त्यात कितव्या महिन्यात बाळ काय करतं त्याची चित्रं पण असतात. ताईंनी त्यावर बोट ठेवून पहिला प्रश्न केला, 'दिवस भरून झाली का आधी?' दीड महिना आधी म्हणल्यावर म्हणाल्या, 'मग ही साडेआठ महिन्यांची धरायची, पण दाखवून घ्या, अंग मऊ वाटायलंय मला.' त्यांनीच सांगितलं की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणून आहे, २०१३ पासून, त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, आणि वाढीत मागं पडलेल्या मुलांसाठी जिल्ह्याच्या पातळीवर डीईआयसी नावाची केंद्रं असतात, तिथं फिजिओ, कान, डोळे, बोलणं सगळं बघायची सोय, पैसे लागत नाहीत. पथक यायची वाट बघत बसू नका म्हणाल्या. साडेआठ हा आकडा ऐकून मी तिथंच, वजनकाट्याशेजारी, रडले. ताईंनी सुपारी दिली मला, दुसरं काही हाताशी नव्हतं.

तर मग आम्ही गेलो मुलांच्या विकासाचंच बघणाऱ्या एका मॅडमकडं. आठवण राहिलीय ती मॅडमनी किती वेळ काहीच केलं नाही त्याची. चिऊ खाली सतरंजीवर, त्या समोर मांडी घालून. खुळखुळा एका बाजूला हलवला, कपाखाली ठोकळा लपवला, मनुक्याएवढी गोळी ठेवून ती चिमटीनं उचलते का ते बघितलं. डीएएसआयआय नावाची तपासणी असते, भारतातल्या अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी, त्यात हालचालीचे ६७ आणि समज-भाषेचे १६३ मुद्दे असतात. चिऊनं लपवलेला ठोकळा पटकन काढला आणि वर मॅडमचा चष्मा पण काढला. मग त्यांनी तिला हात धरून उठवलं, पालथं धरलं, आणि तिच्या हाताची बोटं जवळ घेऊन सांध्यांवरची कातडी बघत बसल्या. मग माझ्या हाताची. तिथं काळसर होतं, दोघींच्याही. मला वाटायचं उन्हानं.

'घरी काय खाता?' आम्ही लिंगायत, पक्के शाकाहारी, आणि बाळंतपणात मला दूध पचेना म्हणून ते पण सोडलेलं, दही थंड म्हणून सासूबाईंनी बंद केलेलं. शाकाहारी माणसाला व्हिटॅमिन बी १२ मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळतं, आणि ते कमी पडलं की सांध्यांवर असं काळसर दिसू शकतं. आईच्या अंगात बी १२ कमी असलं की अंगावरच्या दुधात पण कमी उतरतं आणि बाळ ढिलं, मलूल होऊ शकतं, कधीकधी आधी येत असलेलं पण विसरतं. रक्त तपासलं, थायरॉईड, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन डी, बी १२. थायरॉईड नॉर्मल. बी १२ दोघींचं कमी. दोघींना इंजेक्शनं सुरू झाली. (मेडिकलमधून आपल्या मनानं आणून देऊ नका, प्लीज, डॉक्टर किती द्यायचं ते बघून ठरवतात.)

मॅडमनी आकडे पण समजावले आणि मला आकड्यांनीच जास्त धीर आला, प्रत्येकाचं वेगळं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली पाच देशांतल्या निरोगी बाळांवरून हालचालींचा काळ काढलाय, त्यात भारत पण आहे. आधाराशिवाय बसणं साधारण ३.८ ते ९.२ महिने, एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिने. केवढं अंतर बघा! आणि शंभरातली चारेक मुलं गुडघ्यावर रांगतच नाहीत, डायरेक्ट उभी राहतात. आधी झालेल्या बाळाचे दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करूनच मोजायचं. पण त्यांनी दुसरी बाजू पण सांगितली, ती जास्त महत्त्वाची. चौथ्या महिन्यात मान धरत नसेल, नवव्यात बसत नसेल, वर्षाचं होऊन नावाला वळून बघत नसेल, बा-बा दा-दा काहीच नसेल, वर्षाच्या आतच एकच हात वापरत असेल, दीड वर्षात चालत नसेल तर दाखवायचं. आणि येत असलेली एखादी गोष्ट बंद झाली तर कुठल्याही वयात, लगेच.

वॉकरचं विचारलं तर मॅडम हसल्या. बसायचा वॉकर चालायला शिकवत नाही, वर बाळ पायऱ्यांवरून गडगडतं, कॅनडात तर २००४ पासून विकायलाच बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो धरून ढकलायचा असतो, पण तो सुद्धा स्वतः उभी राहायला लागल्यावर. वॉकर माळ्यावर गेला.

फिजिओ म्हणजे मशीन वगैरे असतील असं वाटलेलं. तसं काही नाही. फरशीवर सोलापुरी चादर दुमडून अंथरायची, दुसरी गुंडाळून तिच्या छातीखाली द्यायची आणि समोर वाटी-चमचा ठेवायचा, हात जेमतेम पोचेल न पोचेल असा. मोजे काढायचे. आमच्या घरी नवीन टाइल्स, पाय सटकायचे, चादरीच्या विणीत बोटं रुततात तर ती जोर लावायला लागली. बसवताना काखेत धरायचं नाही, कंबरेला धरायचं, आणि रोज हात थोडा थोडा खाली आणायचा. ऐकायला सोपं आहे, एप्रिल-मेच्या सोलापुरी दुपारी पंख्याखाली घामाघूम होऊन किंचाळणाऱ्या पोरीबरोबर करून बघा.

फिजिओच्या खोलीबाहेर एक बाकडं आहे. तिथं मोहोळ, अक्कलकोट, कुठून कुठून बायका आलेल्या असतात, एसटीनं. एकीच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालीवर ताबा राहत नाही ते, चार वर्षांचा आहे, तिनं मला केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याबद्दल सांगितलं, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व अशांसाठी आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, थेरपीचा खर्च पण धरतात. आम्हाला तो लागू नाही. पहिल्यांदा मला तिच्यासमोर चिऊचं रडगाणं सांगायची लाज वाटली, तिचं केवढं, माझं केवढं. तिनंच विचारलं, 'रात्री झोप लागते का तुला?' बाळाबद्दल सोडून माझ्याबद्दल त्या सगळ्या महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं. आता आम्ही दोघी एकाच दिवशीची वेळ घेतो. ती शेंगा चटणी आणते, मी कडक भाकरी, बाकड्यावरच खातो.

भाषेचं पण एक झालं. घरी सासूबाई कन्नड बोलतात, खालच्या मजल्यावर तेलुगू, मी मराठी. कुणीतरी म्हणालं तीन भाषांनी पोर गोंधळतंय. मॅडम म्हणाल्या भाषा बंद करू नका, त्यानं बोलणं मागं पडत नाही, पण पेटीत राहिलेलं बाळ आहे म्हणून कानाची बेरा टेस्ट, बाळाला नीट ऐकू येतं का ते बघायची, करून घ्या. केली, कान उत्तम. चिऊचा पहिला शब्द कन्नडच निघाला, 'अव्वा', सासूबाई आठवडाभर हवेत होत्या.

आता ती सोळा महिन्यांची, आमच्या नव्या हिशोबानं साडेचौदा. बसते मस्त. रांगली नाहीच. एक पाय दुमडून ढुंगणावर सरकत जाते, स्पीडमध्ये. ते बघून सासूबाईंना एकदम आठवलं की माझा नवरा पण असाच सरकायचा आणि चांगला पावणेदोन वर्षांचा होऊन चालला. हे त्यांना जानेवारीत आठवलं असतं तर! मॅडमना सांगितल्यावर त्या म्हणाल्या असं घराण्यात असतं, सरकणारी मुलं चालायला वेळ घेतात, तरी आपण बघत राहायचं.

सोफ्याला धरून उभी राहते. ऑगस्टमध्ये तपासणी आहे, तोवर पाऊल टाकलं तर ठीक, नाही तर पाय आणि खुब्याचा सांधा पुन्हा नीट बघायचं ठरलंय. मधल्या काळात दारात येऊन कुणी 'चालायली का?' विचारलं तर सासूबाई मला बोलूच देत नाहीत, 'हाक मारून बघा, बसल्या बसल्या येती का नाही' म्हणतात, आणि चिऊ खरंच सरकत दारापर्यंत जाते आणि आलेल्या माणसाची चप्पल उचलून तोंडात घालायला बघते, तो एक वेगळाच ताप झालाय सध्या.