द्राक्षांचे शेवटचे क्रेट

आज दिंडोरी रोडच्या आमच्या स्टॉलवर हंगामातले शेवटचे सात क्रेट उतरवले. थॉमसन जातीची द्राक्षं. एप्रिल अर्धा सरला, त्यामुळे मणी आता हिरवे नाहीत, मधासारखे पिवळे झालेत, देठही सुकलेत. गाडीतून उतरणारे बरेच जण रंग बघूनच मागे फिरतात. जीव तुटतो, कारण खरी साखर याच घडांत उतरलेली असते. एका मावशींच्या हातावर आईने दोन मणी ठेवले. त्यांनी खाल्ले आणि काही न बोलता पिशवी पुढे केली.

यंदा पहिल्यांदाच घरचे बेदाणे विकायला ठेवलेत. साधारण चार किलो द्राक्षांचे एक किलो होतात. शेडमध्ये जाळीवर, सावलीत दोन आठवडे सुकवलेत. गंधकाची धुरी द्यायची नाही हा आईचा हट्ट, म्हणून रंग तपकिरी आहे. मूठभर हातात घेतले की बोटांना हलका चिकटपणा लागतो आणि बागेचा वास येतो. मला तरी असेच आवडतात. शेजारी नवा उन्हाळ कांदा आणि काकूंचे नागलीचे पापड आहेत. पापड दुपारीच संपले!

संध्याकाळी आबा रिकामे क्रेट धुताना म्हणाले, "उद्यापासून खरड छाटणी." वेलींच्या या उन्हाळी छाटणीनंतर फुटणाऱ्या काड्यांमध्येच पुढच्या वर्षीचे घड तयार होतात, त्यामुळे आबांना उसंत नाही. मी उरलेले बेदाणे मोजले. अकरा पाकिटं आहेत. उद्या सकाळी आठला स्टॉल उघडतोय, या.