दोन अभ्यास-खडे: पॅव्हिलियन झाले, क्राउन बाकी

दोन्ही खडे सीझेडचे (क्युबिक झिर्कोनिया, हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा), ८ मिमी, राउंड ब्रिलियंट या गोल घाटाचे, गर्डल (कडेचा पट्टा) ३ टक्के. हे टक्के व्यासाचे. दोघांची एकूण खोली ६०.४ टक्केच ठेवायची, पण 'अ'चा पॅव्हिलियन (गर्डलखालचा भाग) ४०.२ अंश, टेबल (माथ्यावरचा सपाट पैलू) ५६ टक्के, क्राउन (गर्डलवरचा भाग) ३४.५ अंश, 'ब'चा पॅव्हिलियन ४३.३, टेबल ६२, क्राउन २८.५. नुसत्या 'डेप्थ'वरून हिऱ्याची लखाकी ठरवणाऱ्यांनी ही जोडी शेजारी ठेवून पाहावीच.

४०.२ कुठून आला? वरून सरळ टेबलातून शिरलेला किरण पॅव्हिलियनवर दोनदा आपटून वर येतो, तेव्हा उभ्या रेषेशी त्याचा आतला कोन १८० वजा पॅव्हिलियनच्या चौपट एवढा असतो. हिऱ्याच्या घाटाचं गणित मांडणाऱ्या मार्सेल तोल्कोव्स्कींनी १९१९ मध्ये हिऱ्यासाठी ४०.७५ अंश धरला. त्यात हा कोन १७ अंश येतो. हिऱ्याचा अपवर्तनांक (किरण किती वाकतो त्याचं माप) २.४१७, म्हणून टेबलातून बाहेर पडताना त्याचे ४५ अंश होतात. उलट बाजूने पाहिलं, तर टेबलाच्या मध्यात डोळ्याला ४५ अंशांवरचा उजेड दिसतो. तिथे खोलीत दिवे, खिडक्या असतात. पॅव्हिलियन ४१.७५ केला की तोच उजेड ३३ अंशांवरून येतो. ४३.५ ला जेमतेम १५ उरतात, आणि तिथे आपलंच डोकं आडवं येतं: मध्यभाग काळा, म्हणजेच नेलहेड. उलट ३८.९ च्या खाली आतला कोन २४.४ या क्रांतिक कोनापलीकडे जातो आणि किरण टेबलातून बाहेरच पडत नाही. फिशआय याच बाजूला, उथळ पॅव्हिलियनमध्ये दिसतो. टेबलात गर्डलची पांढुरकी कडी उमटते.

सीझेडचा अपवर्तनांक साधारण २.१६. त्यामुळे हिऱ्याचे कोन जसेच्या तसे उचलले तर ४५ ऐवजी ३९ अंश मिळतात. तुलना तिथेच फसते. म्हणून 'अ'ला ४०.२: सीझेडमध्ये तिथे पुन्हा ४५ येतात. 'ब' मुद्दाम नेलहेडच्या बाजूला.

९६ च्या इंडेक्सवर (खडा ठरावीक घरांनी फिरवणाऱ्या चाकावर) आठ मेन्स (पॅव्हिलियनचे मुख्य पैलू) ९६, १२, २४ असे. लोअर हाव्ज (मेन्सच्या मधले, गर्डलला लागून असलेले पैलू) ३, ९, १५ असे. 'अ'मध्ये हाव्ज ४१.४ अंशांवर घेतले की त्यांची लांबी गर्डलपासून तळाच्या टोकापर्यंतच्या अंतराच्या ७७ टक्क्यांवर येते. इथे हात अगदी हलका हवा. हाव्ज किंचित जास्त घासले गेले की ते ८५ टक्क्यांपर्यंत पळतात आणि बाण (वरून दिसणारे मेन्सचे गडद पट्टे) काडीसारखे बारीक होतात. मेन्स ३००० च्या लॅपवर (घासायच्या चकतीवर; आकडा कणांच्या बारीकपणाचा) जुळवून मगच पॉलिश करावेत, पॉलिशवर जुळवत बसू नये. मशीनचा अंशमापक आधी तपासायचा: 'अ'मध्ये पाव अंशाची चूक बाहेर ३ अंशांची होते.

जीआयए या रत्नपरीक्षण संस्थेच्या दाखल्यात पॅव्हिलियन कोन ०.२ अंशाच्या पायरीने आणि आठ मेन्सची सरासरी म्हणून येतो. एक मेन ४०.४ आणि समोरचा ४१.२ असला तरी तिथे ४०.८ च दिसेल. म्हणून कागदावर न थांबता आयडियल-स्कोपखाली (परतणारा उजेड लाल दाखवणाऱ्या भिंगाखाली) पाहावं: लाल म्हणजे परतलेला उजेड, पांढरं म्हणजे गळती, काळे ते बाण. बाण असमान दिसले तर मेन्स एकसारखे नाहीत.

आता क्राउनसाठी डॉप (खडा चिकटवायची दांडी) बदलायचा. खडा तिरका बसला तर गर्डल एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक येतं. क्राउन मेन्स १२०० वर टेकवताच ते कळतं. तसं झालं तर कोनाशी खेळू नये, डॉप सोडवून पुन्हा लावावा.