परसातली पिल्लं, मे महिन्याचा अपडेट (सातारा)
मार्चनंतर नोंदी टाकल्याच नव्हत्या, आता मागे परसात पक्ष्यांची एवढी धावपळ चाललीय की एकदमच लिहितेय. यंदा घरटी शोधणं मी जवळजवळ बंद केलंय. पक्ष्याच्या चोचीत काय आहे आणि तो ते घेऊन कुठं जातोय एवढंच बघते, आणि खरंच सांगते, झुडपात डोकं घालण्यापेक्षा यातून कितीतरी जास्त कळतं. शिवाय फांद्या बाजूला केल्या, आडवी येणारी पानं तोडली की घरटं उघडं पडतं, मग कावळा आणि भारद्वाज आहेतच, भारद्वाज अंडीही खातो आणि पिल्लंही.

सगळ्यात जास्त वेळ लालबुड्या बुलबुलांवर गेला. अनंताच्या झाडात घरटंय. एरवी ही जोडी पपईवर तुटून पडते पण मेच्या सुरुवातीला दोघंही अळ्या आणि नाकतोडे घेऊन यायला लागली, तेव्हाच समजलं की अंडी फुटली, कारण फळं खाणारा पक्षी असला तरी लहान पिल्लांना प्रोटीन लागतं आणि ते किड्यांतूनच मिळतं. मग बघायची गोष्ट म्हणजे परत जाताना चोचीत काय आहे. पांढरी ओली गोळी दिसली तर ती पिल्लाची शी, पातळ पिशवीत बांधलेली असते. पिल्लं अगदी लहान असताना आईबाप ती तिथंच गिळून टाकतात, मोठी व्हायला लागली की उचलून लांब नेऊन टाकतात. म्हणजे अशा गोळ्या बाहेर जाताना दिसू लागल्या की कॅमेरा घेऊन लांबूनच बसायला हरकत नाही, पिल्लं अंडी फुटल्यापासून साधारण दोन आठवड्यांत बाहेर पडतात. आमची पडली पण! आखूड शेपटी, बुडाखालचा लाल रंग एकदम फिका, आणि पंख थरथरवत सारखं खायला मागणं चालू.

शिंपी पक्ष्याने घरट्यासाठी रामफळाची पानं शिवलीत, कोळ्याचं जाळं आणि कापसाचे धागे वापरून. तिथं मी फिरकतच नाही. जांभळ्या शिंजीरची मादी व्हरांड्यातल्या वायरवर लटकतं घरटं एकटीच बांधत होती, आता तिच्या चोचीत बारीक कोळी दिसतायत, नरही अधूनमधून घास आणतो.

दयाळाचं पिल्लू मात्र भर दुपारी जमिनीवर होतं आणि शेजारची मुलं खोका घेऊन आली. कृपया सगळ्यांना सांगा, अंगावर पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू पडलेलं नसतं, ते घरट्यातून बाहेर आलेलं असतं आणि आईबाप जवळच असतात. मांजर फिरत असेल तर उचलून झुडपात सावलीत ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकून देतात हे खरं नाही. आम्ही त्याला कढीपत्त्याच्या फांदीवर बसवलं आणि आत जाऊन खिडकीतून बघत बसलो, दयाळाची मादी किडा घेऊन आलीच.

पाण्यासाठी मातीचं उथळ परळ सावलीत ठेवलंय, पाणी रोज बदलते नाहीतर डासांच्या अळ्या होतात.

ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट) चेकलिस्ट, म्हणजे दिसलेल्या पक्ष्यांची यादी, टाकणाऱ्यांनी ब्रीडिंग कोडही (विणीच्या खुणा) भरा ना, घास नेताना दिसला तर ‘कॅरिंग फूड’, पिल्लाला भरवताना दिसला तर ‘फीडिंग यंग’. नुसता आकडा टाकण्यापेक्षा कुठल्या महिन्यात कोण पिल्लं वाढवतंय हे त्यातून कळतं.

आता सगळं लक्ष सातभाईंवर. पावशाचं (हा कोकिळेच्या कुळातला) ‘पेरते व्हा’ पहाटेपासून चालूय आणि तो अंडी सातभाईंच्याच घरट्यात घालतो, दोघांचीही अंडी निळी. सातभाईंमध्ये अख्खा थवा पिल्लांना भरवतो, त्यामुळे परक्या पिल्लालाही खायला घालणारे बरेच. पावसाच्या सुरुवातीला चातक आले की तेही त्याच घरट्यांच्या मागे लागतात. तेव्हा जून-जुलैत सातभाईंच्या मागे मागे ओरडत फिरणारं पिल्लू दिसलं की घाईत सातभाई म्हणून नोंदवू नका, आधी छाती आणि शेपटी बघा, छातीवर तपकिरी रेघोट्या आणि शेपटीवर पट्टे असतील तर तो पावशा.