डोकं कुणाचं?

रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात मी यादी वाचून दाखवली : शिकेकाई पाव किलो, रिठे, आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी. दुकानदारकाकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "डोकं कुणाचं?"

मला वाटलं, माझी अक्कल काढतायत. पण प्रश्न साधाच होता. आमच्या घरात डोकी तीन. माझं तेलकट, आज धुवावं तर परवा पुन्हा चिप्प. आईचं पांढरं, कोरडं, काथ्यासारखं (हे तिच्यासमोर म्हणायची सोय नाही). आणि लेकीचं कुरळं. त्यात फणी जाते, परत येईलच असं नाही. काकांनी यादी माझ्या हातातून घेऊन तिचे तीन भाग केले. रिठे माझ्यासाठी. आईच्या वाट्याला दोनच, नाहीतर केसांचा खराटा होईल, तिला मेथ्या. मुलीला जास्वंदीची पानं. "ती आमच्याकडे नाहीत. कुणाच्या तरी कुंपणावरून तोडा."

लहानपणी शिकेकाई दळायला न्यायचं काम माझ्याकडे होतं. नेहमीचा गिरणीवाला डबा नुसता बघूनच हात हलवायचा. 'शिकेकाई दळून मिळेल' अशी पाटी लावलेली गिरणी वेगळी, दोन गल्ल्या पलीकडे, आणि तिथला माणूस सदैव तोंडाला फडकं बांधून. परत येईपर्यंत मी वीसेक वेळा शिंकलेली असायची.

आता दळायचं नव्हतं, उकळायचं होतं. रिठे फोडून आतली काळी, गोटीसारखी बी काढली. बारा रिठे, मूठभर शिकेकाई, आवळकाठीचे पाचसहा तुकडे, सगळं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत. सकाळी उत्साहाने लोखंडी कढईत चढवलं. आवळा आणि लोखंड एकत्र आले की काय होतं, हे शाळेत शिकवलं असावं. अर्ध्या तासात कढईत शाई तयार. ती ओतून दिली, दुसऱ्या दिवशी स्टीलच्या पातेल्यात पुन्हा मांडलं. निम्मं आटलं, कोमट झालं, हाताने कुस्करलं आणि गाळलं. गाळणं चहाचं होतं. त्या दुपारी चहाला फेस आला. त्यावर अधिक काही लिहीत नाही.

फेसाचा दोष रिठ्याचा. त्याच्या सालीत सॅपोनिन असतं, साबणासारखंच तेल धरून नेणारं. झाडाचं शास्त्रीय नावच सॅपिंडस, म्हणजे 'हिंदुस्थानी साबण'. म्हणून रेशमी साड्या आणि सोन्याचे दागिने धुवायलाही तो चालतो. पण डोक्यावर त्याचा फेस बाटलीतल्या शाम्पूसारखा ढगाएवढा होत नाही. लेकीने पहिल्याच दिवशी न्हाणीघरातून ओरडून विचारलं, "आई, हे चालू कसं करायचं?"

चालू करायचं म्हणजे चोळायचं. आजीचा हुकूमच होता, शिकेकाई ओतायची नसते, चोळायची असते. बंबातलं कढत पाणी घंगाळात, मी पाटावर मान खाली घालून, आणि तिची बोटं कानशिलापासून मानेपर्यंत. डोळे मिटलेले असले तरी कुठून तरी शिकेकाई आत शिरायचीच. रडलं तर "आता स्वच्छ होतंय" हे उत्तर. पुढे कळलं की शाम्पू हा शब्दसुद्धा मुळात चोळण्याचाच, हिंदीतल्या 'चाँपो'वरून इंग्रजीत गेलेला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या ब्रायटनला वाफेची स्नानगृहं काढली, तेव्हा 'शाम्पू' म्हणजे मालिश होतं. केस धुणं त्या शब्दाला नंतर चिकटलं. आजीला हे सांगितलं असतं तर "मग मी काय म्हणत होते?" म्हणाली असती.

माझे केस निघाले छान. लेकीने जास्वंदीच्या पानांचा हिरवा, बुळबुळीत चोथा बघून "ई" केलं, पण त्यानंतर गुंता फणीने सुटला, म्हणून आता ती स्वतःच कुंपणावर हात मारून येते. उरलेली बाटली मात्र मी कपाटात ठेवली, आणि चौथ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा ताक आंबल्यासारखा वास. यात टिकवायला काही घातलेलं नसतं. फ्रिजमध्येही दोनतीन दिवसच. आता लागेल तेवढंच उकळते.

राहिली आई. तिचे खांदे दुखतात, हात डोक्यापर्यंत जात नाहीत. मेथ्या रात्री भिजवून सकाळी वाटल्या, त्यात शिकेकाईचं पाणी घातलं आणि तिला पाटाऐवजी प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं. ओल्या केसांचं तिचं डोकं माझ्या दोन तळव्यांत मावलं. मी जरा हलक्या हातानेच चोळत होते.

"जोर नाही का अंगात?" आई मान खाली घालूनच म्हणाली. "आणि कानामागे राहिलं."